चार्जर स्वस्त घ्यावा; पण काटकसर कशात करावी?



गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी दोन चार्जर घेऊन आला. त्याच्या घरी विजेवर चालणारी स्कूटर आहे. तिच्याबरोबर आलेल्या चार्जरची वायर जुनी झाली होती आणि प्रवाह मधूनमधून बंद पडत होता. तसाच नवा चार्जर घ्यायचा तर तीन हजार रुपये पडत होते. बाजारातील एका दुकानदाराने मात्र दुसरा चार्जर बाराशे रुपयांत दिला. ‘‘सर, दोन्हींवर ४८ व्होल्ट, ५ अँपिअर असेच छापले आहे. मग हा चालेल ना?’’ असा त्याचा सरळ प्रश्न होता.

आम्ही मल्टिमीटर घेऊन दोन्ही चार्जरांचा दाब मोजला. जुन्याचा ५४.६ व्होल्ट भरला आणि नव्याचा ५८.८ व्होल्ट. ‘‘पण चार व्होल्टांनी असे काय मोठे बिघडते?’’ हा त्याचा दुसरा प्रश्न. या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घरी ठाऊक असायला हवीत, असे मला वाटते. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या व २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या विजेच्या दुचाकीला आपल्याकडे चालकाचा परवाना लागत नाही. त्यामुळे अशा गाड्या शाळकरी मुलांच्या हाती सर्रास दिसतात, आणि रात्री चार्जर लावण्याचे कामही पुष्कळदा त्यांच्याकडेच असते.

प्रथम ‘४८ व्होल्ट’ म्हणजे काय ते पाहू. हा आकडा बॅटरीचे नाव आहे, माप नव्हे. एकाच नावाच्या बॅटऱ्या निरनिराळ्या रसायनांच्या असू शकतात. जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्ल बॅटरीत १२ व्होल्टचे चार संच एकापुढे एक जोडलेले असतात आणि भरताना त्यांना ५८ ते ५९ व्होल्टपर्यंत दाब द्यावा लागतो. निकेल, मँगेनीज व कोबाल्ट यांच्या ऑक्साइडाची लिथियम बॅटरी असेल तर तिच्यात बहुधा १३ घट असतात. असा प्रत्येक घट ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. म्हणून १३ गुणिले ४.२ बरोबर ५४.६ व्होल्ट. तिसरा प्रकार लिथियम-लोह-फॉस्फेटचा. त्याचा घट ३.६५ व्होल्टला भरतो. असे १६ घट असले तर ५८.४ व्होल्ट लागतात आणि १५ असले तर ५४.७५. या सर्वांना बाजारात ‘४८ व्होल्ट’ असेच म्हणतात!

आता आपल्या विद्यार्थ्याचे गणित करू. त्याच्या स्कूटरच्या बॅटरीत १३ घट होते. नव्या चार्जरचे ५८.८ व्होल्ट त्यांच्यात वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४.५२ व्होल्ट येतात. सोसायचे ४.२ आणि मिळायचे ४.५२. टाकी भरल्यावरही पंप चालू राहिला तर पाणी वाहून जाते आणि एवढ्यावर निभावते. लिथियमच्या घटात मात्र वाहून जायला जागाच नसते. भरताना लिथियमचे आयन धनाग्राकडून येऊन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये बसतात. मर्यादेपलीकडे रेटले की आयनांना थरांत जागा उरत नाही आणि ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर लिथियम धातूचा लेप चढू लागतो. त्याच्या सुया वाढून दोन अग्रांमधील पातळ पडदा भेदू शकतात. दुसऱ्या बाजूला धनाग्राच्या स्फटिकांची घडण मोडून ऑक्सिजन सुटू लागतो. घटातला द्रव ज्वलनशील कार्बनी द्रव असतो. इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता अशी तिन्ही एकाच डबीत एकत्र आली, तर पुढे काय होईल ते सांगावयास नकोच.

शिसे-आम्ल बॅटरीचे तसे नाही. ती जास्त भरली गेली तर तिच्यातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात. आपण वरून शुद्ध पाणी घालतो आणि काम भागते. ‘रात्रभर लावून ठेवा, काही होत नाही’ ही सवय आपल्याला त्या बॅटऱ्यांनी लावली. लिथियमच्या घटात पाणी नाही आणि ती क्षमाशीलताही नाही.

कोणी म्हणेल, बॅटरीच्या पेटीत संरक्षक विद्युतमंडळ असतेच की! दुकानदार ज्याला बीएमएस म्हणतात ते हेच. दाब वाढताच ते प्रवाह तोडते, हे खरे. पण ते शेवटचा पहारेकरी आहे. रोज रात्री चोर दारापर्यंत येऊ द्यायचा आणि पहारेकऱ्याच्या भरवशावर झोपायचे, याला शहाणपण म्हणता येणार नाही. शिवाय स्वस्त बॅटरीतले हे मंडळही स्वस्तच असते.

म्हणून चार्जरचे खरे काम समजून घेतले पाहिजे. चार्जर नुसता वीज ओतत नाही, तो मोजतोही. आरंभी तो ठरावीक प्रवाह देतो. दाब ५४.६ व्होल्टला पोहोचला की तो तेथेच रोखून धरतो. मग प्रवाह आपोआप उतरत जातो आणि अगदी थोडा उरला की चार्जर थांबतो. केव्हा थांबायचे हे ज्याला नेमके कळते तो चांगला चार्जर. किमतीचा विचार येतो तो यानंतर.

आता माझे मत सांगतो. ‘कंपनीचाच चार्जर घ्या’ असा उपदेश करून मोकळे होणे सोपे आहे. ज्याच्या घरी महिन्याचा हिशेब रुपया-रुपयाने जुळवावा लागतो, त्याला हा उपदेश पचत नाही आणि तो बाजारातला चार्जर आणतोच. त्याला काटकसर करू नको म्हणण्यापेक्षा ती कोठे करावी हे सांगितले पाहिजे. माझे सूत्र असे: अँपिअरमध्ये काटकसर करावी, व्होल्टमध्ये करू नये.

समजा, बॅटरी ४८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची आहे. म्हणजे तिच्यात ९६० वॉट-तास, जवळजवळ एक युनिट ऊर्जा मावते. ५ अँपिअरचा चार्जर ती चार तासांहून थोड्या अधिक वेळात भरील. ३ अँपिअरचा सात-साडेसात तास घेईल, आणि २ अँपिअरचा दहाच्या वर. हळू भरण्याने घटांचे नुकसान होत नाही, उलट ते कमी तापतात. रोजच्या फेऱ्यांत बॅटरी अर्धीच रिकामी होत असेल, तर ३ अँपिअरलाही सुमारे साडेतीन तास पुरतात. वेगासाठी मोजलेले पैसे अशा घरी वायाच जातात. उलट बॅटरीवर लिहिलेल्या कमाल प्रवाहापेक्षा जास्त अँपिअरचा चार्जर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

स्वस्ताई आणखी एका ठिकाणी फसवते, ती म्हणजे उष्णतेत. ५४.६ व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे २७३ वॉट. चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर त्याच्या डबीत सुमारे ३० वॉट उष्णता राहते. ८० टक्के असेल तर सुमारे ६८ वॉट. एवढ्याशा बंद डबीत दुपटीहून जास्त शेगडी! पैशांतही पाहा. एक युनिट भरायला पहिला १.११ युनिट घेतो, दुसरा १.२५. वर्षात ३०० वेळा बॅटरी भरली तर फरक ४२ युनिटांचा पडतो. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला ४२० रुपये, म्हणजे तीन वर्षांत साडेबाराशेच्या पुढे. स्वस्त चार्जरची सगळी किंमत वीजबिलातून पुन्हा मोजावी लागली! शिवाय अशा डबीत २३० व्होल्टचा भाग आणि बॅटरीकडचा भाग यांच्यातले विलगन कच्चे असले, तर धक्का बसण्याची भीती असते ती निराळीच.

तेव्हा दुकानात चार गोष्टी विचाराव्यात. अंतिम दाब किती? बॅटरी कोणत्या रसायनाची व किती घटांची? जोडणीतील धन व ऋण टोके जुन्याप्रमाणेच आहेत का? आणि पावती मिळेल का? तिसरा प्रश्न विसरू नये, कारण एकाच आकाराच्या जोडणीत ही टोके उलटसुलट असलेले चार्जर बाजारात आहेत. जो दुकानदार ‘सगळ्याला चालतो’ असे उत्तर देतो, त्याच्याकडून चार्जर घेऊ नये.

पण सारा भार ग्राहकावर टाकणेही न्यायाचे नाही. २०२२ च्या मार्च महिन्यात पुण्यात भररस्त्यात उभ्या स्कूटरने पेट घेतला आणि त्याच सुमारास देशात इतरत्रही अशा आगी लागल्या. त्यानंतर बॅटऱ्यांसंबंधीचे ए. आय. एस. १५६ हे मानक अधिक कडक झाले आणि त्यातील सुधारणा डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. हे चांगलेच झाले. पण वाहनाबरोबर येणारी बॅटरी व चार्जर यांची जोडी तपासून पुढे काय होते? वर्ष-दोन वर्षांनी बाजारातून सुटा चार्जर येतो आणि ती जोडी फुटते. म्हणून प्रत्येक बॅटरीवर आणि प्रत्येक चार्जरवर अंतिम दाब, रसायन व घटांची संख्या ठळक अक्षरांत, आपल्या भाषेत छापणे सक्तीचे करावे. निरनिराळ्या दाबांच्या चार्जरांच्या जोडण्याही निरनिराळ्या आकारांच्या असाव्यात, म्हणजे चुकीचा चार्जर बसणारच नाही. याला खर्च फारसा येणार नाही.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. विद्युतघट शिकवताना आपण कोरडा घट आणि शिशाचा संचायक यांपाशी थांबतो. लिथियम-आयन घट बाजारात आला १९९१ साली, आणि त्याच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांच्या खिशात आणि दारात असलेला हा घट वर्गातही आला पाहिजे. एका तासात प्रयोग होईल: विद्यार्थ्यांनी घरचे चार्जर आणावेत, वेष्टनावरील आकडे फळ्यावर मांडावेत आणि शिक्षकांनी स्वतः मल्टिमीटरने दाब मोजून दाखवावा. मल्टिमीटर २०० व्होल्टच्या एकदिश पल्ल्यावर ठेवावा, त्याची टोके एकमेकांना लागू देऊ नयेत, आणि चार्जरची डबी कोणीही उघडू नये. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय दाब दाखवीत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. मोजलेला आकडा अपेक्षेपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक वर गेला, तर तो चार्जर वापरू नये.

आमच्या त्या विद्यार्थ्याने नवा चार्जर दुसऱ्याच दिवशी परत केला. थोडी घासाघीस करून त्याने ५४.६ व्होल्टचाच, पण ३ अँपिअरचा चार्जर सतराशे रुपयांत आणला आणि घरी नेण्यापूर्वी तो प्रयोगशाळेत मोजून घेतला. संध्याकाळी महाविद्यालयातून आल्यावर तो स्कूटर थोडी निवू देतो, मग चार्जर लावतो आणि झोपण्यापूर्वी काढतो. त्याचे तेराशे रुपये वाचले. चार व्होल्टांनी काय बिघडते, हा प्रश्न मात्र आता तो आपल्या शेजाऱ्यांना विचारीत असतो, आणि उत्तरही तोच देतो.