जमैकाचे ‘रेड पीज सूप’ आणि उष्ट्याची दंतकथा

जमैकात शनिवार हा सूपचा दिवस, आणि त्यात मानाचे म्हणजे ‘रेड पीज सूप’. नावात ‘पीज’ असले तरी भांड्यात वाटाणा नसतो, आपला लाल राजमा असतो. तिकडे राजम्यालाही ‘पीज’च म्हणतात. या सूपविषयीच्या चित्रफितींत एक विधान हमखास ऐकू येते : गुलामांनी मालकाच्या ताटातील उरल्यासुरल्यातून हे अन्न निर्माण केले. ते कौतुकाने केले जाते, हे मान्य. तरीही माझ्या मते ते चुकीचे आहे, आणि ज्यांचे कौतुक करायचे त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे.

वाचकहो, प्रथम भांड्यात काय असते ते पाहू. रात्रभर भिजवलेला राजमा, गोमांसाचे तुकडे आणि खारवलेले डुकराचे शेपूट लसणीबरोबर शिजत ठेवतात. शेपूट आधी वेगळे उकळून, पाणी ओतून देऊन त्याचा खारटपणा उतरवावा लागतो. म्हणून वरून मीठ घालायचे ते अगदी शेवटी, चव पाहून. दाणा बोटांत चुरडला जाऊ लागला की नारळाचे दूध, गाजर, याम (आपल्या कोनफळाच्या कुळातील कंद), कांद्याची पात, थाइमच्या काड्या आणि ऑलस्पाइसचे दाणे पडतात. मग मैद्याच्या घट्ट पिठाच्या लहान गोळ्या तळहातांवर वळून, दोन्ही टोके निमुळती करून रश्शात सोडतात. या वळण्यावरूनच त्यांना ‘स्पिनर्स’ म्हणतात. ज्यांनी वरणफळे खाल्ली आहेत त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. ‘स्कॉच बॉनेट’ मिरची मात्र अखंड तरंगत ठेवायची आणि फुटण्याआधी काढून घ्यायची. फुटली, तर ते सूप पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगे राहत नाही.

आता ‘मालकाचे ताट’ तपासू. इंग्रजांनी १६५५ मध्ये जमैका स्पेनकडून जिंकून घेतले आणि पुढे तेथे उसाचे मळे उभे केले. १८३४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली तेव्हा बेटावर तीन लाखांहून अधिक गुलाम होते. गोरे लोक त्यांच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. मोठ्या मळ्यांचे कित्येक मालक तर इंग्लंडातच राहत. शेकडो माणसे राबणाऱ्या मळ्याला कारभाऱ्याच्या ताटातील उष्टे किती पुरणार? हिशेबच जुळत नाही.

मग मांस आले कोठून? पिंपांतून, जहाजांवरून. खारवलेले हेरिंग आणि कॉड मासे उत्तर अटलांटिकमधून येत, खारवलेले गोमांस आयर्लंडातील कॉर्क बंदरातून, पीठ उत्तर अमेरिकेतील वसाहतींतून. चांगली जमीन उसाखाली घालून अन्न बाहेरून विकत आणणे मळेवाल्यांना परवडत असे. गुलामांच्या वाट्याला येई तो मोजून दिलेला अपुरा शिधा, आणि तो मळ्याच्या जमाखर्चात नोंदवला जाई. त्याला ‘उरलेसुरले’ म्हटले की हा सारा व्यापार नजरेआड होतो. मराठी निवेदकांनी तर येथे ‘उष्टे’ हा शब्द अधिकच जपून वापरावा. आपल्याकडे उष्टे ही जातीने लादलेली खरीखुरी प्रथा होती.

भांड्यातील बाकीचा ऐवज, म्हणजे कंद, कडधान्ये, मिरच्या, हा बव्हंशी गुलामांनीच पिकवलेला. जमैकातील मळेवाले त्यांना उसाला निरुपयोगी अशा डोंगरउतारावरचे तुकडे देत. ते वस्तीपासून अनेकदा कित्येक मैल दूर असत. काम करायचे ते रविवारी, आणि अठराव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यानुसार उसाचा हंगाम नसताना पंधरवड्यातून एका जादा दिवशी. यात मालकाची उदारता काहीच नव्हती; माणसांना पोसण्याचा खर्च त्याने त्यांच्याच विश्रांतीवर ढकलला होता. तथापि त्या तुकड्यांतून वाढावा निघे आणि रविवारच्या बाजारात विकला जाई. १७७४ मध्ये ‘हिस्टरी ऑफ जमैका’ लिहिणारा एडवर्ड लाँग गुलामगिरीचा कट्टर समर्थक होता. पण बेटावरील नाण्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा गुलामांच्या हाती असल्याचा अंदाज त्यानेच नोंदवला आहे. उष्ट्यावर जगणाऱ्यांच्या कनवटीला एवढे पैसे असते काय?

ही व्यवस्था किती ठिसूळ होती तेही याच शतकात दिसले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने व्यापार तुटला, त्यात १७८० पासून काही वर्षांत एकामागून एक चक्रीवादळे आली आणि डोंगरावरील शेते झोपली. १७८० ते १७८७ या काळात उपासमार व तिच्यामागून आलेल्या रोगांनी सुमारे १५,००० गुलाम मेले, असे जमैकाच्या विधिमंडळानेच सांगितले. यावर सरकारी उपाय म्हणून कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून ब्रेडफ्रूटची, म्हणजे विलायती फणसाची, रोपे आणली. लोकांनी ते फळ बराच काळ डुकरांना घातले. त्यांना आपले याम हवे होते.

नारळाबद्दलही थोडे सांगायला हवे. अटलांटिक किनाऱ्यांवरील नारळ हिंदी महासागरातील नारळाच्या वंशातला. पोर्तुगीजांनी तो आधी पश्चिम आफ्रिकेकडे आणि तेथून कॅरिबियनमध्ये नेला. नाताळच्या सुमारास हेच सूप ‘गुंगो पीज’ घालून करतात. गुंगो म्हणजे आपली तूर. ती भारतातून आफ्रिकेत आणि तेथून गुलामांच्या व्यापाराबरोबर पलीकडे गेली. ‘पाहा, आपलेच आहे’ असे म्हणण्याचा मोह येथे आवरावा. ज्या व्यापाराने तूर नेली, त्यानेच माणसेही नेली.

१ ऑगस्ट १८३८ रोजी पूर्ण मुक्ती मिळाली. ब्रिटिश संसदेने मालकांना भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले होते. मुक्त झालेल्यांना एक छदामही नाही. उलट ज्या झोपड्यांत ते राहत आले आणि ज्या उतारांवर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या याम लावले, त्यांचेच भाडे मळेवाले मागू लागले. न देणाऱ्यांना हुसकावण्यात आले. बाप्टिस्ट मिशनऱ्यांच्या मदतीने कित्येकांनी डोंगरात स्वतःच्या जमिनी घेतल्या. अशा मुक्त ग्रामांपैकी पहिले, स्लायगोव्हिल, १८३५ मध्येच वसले होते. त्या गावांची हकिकत पुढील भागात.