यंत्र शासनाचे, वेठ शेतकऱ्याची

किती सेवा संगणकावर आल्या आणि किती दाखले घरबसल्या मिळू लागले, यावरून राष्ट्राचा विकास मोजण्याची रीत आता रूढ झाली आहे. 2015 साली ‘डिजिटल इंडिया’ची घोषणा झाली, त्याच वर्षी महाराष्ट्राने लोकसेवा हक्क कायदा केला. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्यामागे हिंडण्याची पाळी पुष्कळांवरून टळली, हे मान्य केलेच पाहिजे. यंत्राला विरोध करणे हा समाजवाद्यांचा धर्म नव्हे. प्रश्न आहे तो यंत्राच्या आडून होणाऱ्या श्रमाच्या आणि जबाबदारीच्या फेरवाटणीचा.

ई-पीक पाहणीचेच उदाहरण घ्या. शेतात कोणते पीक उभे आहे याची नोंद करणे हे पिढ्यान्‌पिढ्या महसूल खात्याचे काम. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ते शेतकऱ्याकडे आले. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावी ज्याच्याजवळ चांगला मोबाईल आहे आणि ज्याच्या शिवारात रेंज येते, त्याला हे काम किरकोळ वाटेल. परंतु दोन-तीन कोरडवाहू एकरांवर सोयाबीन-तूर घेणाऱ्या वृद्धाला, अथवा एकटीने शेती सांभाळणाऱ्या विधवेला, त्यासाठी दुसऱ्याचा फोन आणि दुसऱ्याचा वेळ मागावा लागतो. नोंद राहिली की हमीभावाच्या खरेदी केंद्रावर माल घालताना अडचण उभी राहते. पीक शेतात असते, सातबाऱ्यावर नसते. आणि शासन विश्वास ठेवते तो सातबाऱ्यावर! राहिलेल्या गटांसाठी सहायकांची सोय पुढे झाली. पण पहिले ओझे शेतकऱ्याच्याच शिरावर राहिले.

2017 च्या कर्जमाफीतही हेच घडले. कर्जाचा तपशील बँकांच्या वह्यांत असताना तोच शेतकऱ्यांकडून ऑनलाइन भरून घेण्यात आला आणि केंद्रांपुढे रांगा लागल्या.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे खर्च कमी झालेला नाही. तो सरकारी अंदाजपत्रकातून निघून गरिबाच्या बुडालेल्या मजुरीत जाऊन बसला आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हा बुडालेला रोज कोठेच दिसत नाही. म्हणूनच प्रशासन स्वस्त आणि कार्यक्षम झाल्याचा भास होतो. विनामोबदला राबवून घेण्याला मराठवाड्यात वेठ म्हणत. निजामाची राजवट 1948 साली गेली. वेठीने मात्र नवे रूप धारण केले आहे.

याला उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने मागणीनंतर 15 दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देण्याचे बंधन शासनावर घातले. हक्काची व्यवस्था मोडली तर भरपाई राज्याने करावी, हे त्यामागील तत्त्व होय. तेच येथे लागू झाले पाहिजे. बोटाचा ठसा जुळला नाही किंवा सर्व्हर बंद पडला, तर तो दोष शासनाचा मानावा. कागदी अर्जाची वाट सदैव खुली असावी. नकाराचे कारण लेखी मिळावे. आणि पीक नोंदीची अंतिम जबाबदारी महसूल खात्याचीच राहावी.

गावोगावच्या साथींनी ग्रामसभांतून या मागण्यांचे ठराव करून घ्यावेत आणि ज्यांच्या नोंदी राहिल्या त्यांच्या याद्या तहसीलदारांपुढे ठेवाव्यात. किती अर्ज निकाली निघाले, हा विकासाचा हिशेब अपुरा आहे. किती जण दारातूनच परत गेले, हेही मोजावे लागेल.