बेस बॉक्सच्या भोकाचा हिशेब

लग्नसराईत उमरीच्या बाजारपेठेतून डीजेची गाडी निघाली की दुकानांची शटरं थरथरतात. तक्रार होते ती आवाजाची, आणि ती रास्तच आहे. बेस बॉक्सच्या पुढच्या फळीवरच्या भोकाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. खरी गडबड बऱ्याचदा तिथंच असते.

हे भोक म्हणजे पोर्ट. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठरावीक सूर निघतो. पोर्टचं कामही तसंच चालतं. बॉक्समधल्या हवेचं आकारमान आणि पोर्टची रुंदी-लांबी मिळून तो सूर ठरतो. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या अल्बर्ट थुरास यांना अशा बॉक्सचं पेटंट १९३२ साली मिळालं. पुढं ऑस्ट्रेलियात नेव्हिल थिल आणि रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरच्या गुणधर्मांवरून बॉक्स कसा ठरवायचा याचं गणित बसवून दिलं. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात या गुणधर्मांचे आकडे छापलेले असतात. ते वाचतो कोण?

आतून १२० लिटरचा बॉक्स घ्या आणि त्याचा सूर ४० हर्ट्झवर बसवायचं ठरवा. पोर्टचा व्यास १५ सेंमी असेल तर पाइप साधारण साडेसोळा सेंमी लांब लागतो. मिस्त्रीनं पाइप न लावता १८ मिमीच्या प्लायला नुसतं १५ सेंमीचं भोक पाडलं, तर हाच बॉक्स ५९ हर्ट्झच्या आसपास जातो. मग गाणं कोणतंही असो, ढम्म आवाज तोच. शिवाय पोर्टच्या सुरापेक्षा खालचा बेस आला की बॉक्समधली हवा स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, म्हणजे कोनला, आवरत नाही. तो आवाज न देता नुसताच आतबाहेर हलतो आणि मोडतो. दोष जातो स्पीकर बनवणाऱ्या कंपनीवर.

भोक लहान ठेवणं सोपं वाटतं. १० सेंमीच्या पोर्टला फक्त ५ सेंमी पाइप पुरतो. पण त्याच आवाजासाठी हवेचा वेग सव्वादोन पट होतो आणि बेसबरोबर फुसफुस ऐकू येते. हा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत ठेवावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे मोठं भोक हवं, आणि मोठ्या भोकाला लांब पाइप.

ॲम्प्लिफायरचे वॉट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो. तरी मालक पैसे घालतात ते वॉटमध्येच. नीट बसवलेला बॉक्स मिळाला म्हणून डीजेवाले आवाज कमी ठेवतील, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, रात्री १०ची मर्यादा आहे, ती पाळायलाच लावली पाहिजे.

बॉक्स करायला टाकणाऱ्यांनी मात्र उरलेले पैसे देण्याआधी मिस्त्रीला एक प्रश्न जरूर विचारावा : हा बॉक्स किती हर्ट्झवर बसवलाय?