'आम्ही' की 'आपण'?

मंडळी, आज थोडं खेळाबद्दल आणि थोडं व्याकरणाबद्दल लिहितो. निवृत्त मास्तराला दुसरं सुचणार तरी काय!

"खेळले ते, पैसे मिळाले त्यांना, आणि नाचताय तुम्ही? तुम्हाला काय मिळालं?" हा प्रश्न खेळवेड्या माणसाला जन्मभर ऐकावा लागतो. विचारणाराही बहुधा घरचाच असतो. माझ्या मते हा प्रश्न दिसतो तितका शहाणपणाचा नाही. का, ते सांगायला मी क्रिकेट न घेता बेसबॉलचं उदाहरण घेणार आहे. २०१६ ची दिवाळी मी शिकागोजवळ मुलीकडे होतो आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, 'शिकागो कब्स' या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यामुळे हे प्रकरण जवळून बघायला मिळालं.

या आधी कब्सनी ही स्पर्धा जिंकली होती १९०८ साली. म्हणजे लोकमान्यांना मंडालेची शिक्षा झाली, त्या वर्षी! मधे १०८ वर्षं गेली. १९४५ साली ते अंतिम फेरीत हरले. तेव्हा एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाला त्याच्या पाळीव बोकडासकट मैदानातून बाहेर काढलं आणि त्याने संघाला शाप दिला, अशी दंतकथा आहे. त्यानंतर ७१ वर्षं हा संघ अंतिम फेरीतसुद्धा पोचला नाही. आपल्याकडे एवढ्या काळात शापाला उःशाप तरी मिळाला असता! एर्नी बँक्स हा त्यांचा सर्वांत लाडका खेळाडू. १९ मोसम तो याच संघाकडून खेळला, ५१२ होमरन मारले, पण साखळी संपल्यावरच्या बाद फेरीचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. जानेवारी २०१५ मध्ये तो गेला. दोन वर्षंही थांबता आलं नाही बिचाऱ्याला.

आणि जिंकले ते तरी कसे! सात सामन्यांच्या मालिकेत १-३ असे मागे होते. पुढचे दोन जिंकून बरोबरी केली. सातवा सामना क्लीव्हलंडमध्ये, क्लीव्हलंडच्याच संघाशी. आठव्या इनिंगमध्ये कब्सकडे ६-३ अशी आघाडी होती आणि फक्त चार गडी बाद करायचे उरले होते. तिथे क्लीव्हलंडने तीन धावा काढून बरोबरी केली. नऊ इनिंग संपल्या आणि पाऊस आला. १७ मिनिटं खेळ थांबला. जावईबापू, जे एरवी मला नियम समजावून सांगत होते, ते एक अक्षर बोलेनात. दहाव्या इनिंगमध्ये कब्सनी दोन धावा काढल्या, क्लीव्हलंडला एकच काढता आली. ८-७!

मध्यरात्र होत आली होती. शेजारचे सत्तरीचे गृहस्थ अंगणात येऊन रडत होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वी वन, वी वन."

आता व्याकरण. इंग्रजीतल्या त्या 'वी'ला मराठीत दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. मग हे गृहस्थ काय म्हणत होते? आम्ही जिंकलो, की आपण जिंकलो?

याचं उत्तर रिगली फील्ड या कब्सच्या मैदानाच्या भिंतीवर मिळालं. त्या दिवसांत हजारो लोकांनी मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर रंगीत खडूने नावं लिहिली. बहुतेक नावं गेलेल्या माणसांची होती. वडील, आजोबा, आजी, भाऊ. उभा जन्म या संघामागे घालवून, हा दिवस न बघता गेलेले. एक गृहस्थ तर शेवटच्या सामन्यासाठी दुसऱ्या राज्यातून गाडी हाकत वडिलांच्या थडग्यापाशी गेले आणि तिथे बसून त्यांनी रेडिओवर सामना ऐकला. मी आयुष्यभर खडू हातात धरला, पण खडूचा असा उपयोग पाहिला नव्हता. पावसात पुसलं जाणार हे ठाऊक असून लोक लिहीत होते.

म्हणजे त्या माणसांनी 'आपण' म्हटलं होतं, आणि ऐकणारा या जगातच नव्हता. "तुम्हाला काय मिळालं?" याचं उत्तर हेच. ज्याच्या मांडीवर बसून पहिला सामना ऐकला, त्याला सांगायला एक निरोप मिळाला. आईवडिलांकडून घर येतं, दागिने येतात, तशी वाट बघणंही वारसाहक्काने येतं. ते संपलं याचा हा आनंद आहे. त्याला वेडेपणा म्हणू नये.

पण मास्तर आहे, तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. २००३ साली कब्स अंतिम फेरीपासून पाच बळी दूर होते. प्रेक्षकांकडे उडालेला चेंडू पकडायला एका खेळाडूने हात वर केला, आणि त्याच वेळी तिथल्या काही प्रेक्षकांनीही. एकाचा हात चेंडूला लागला. नंतर त्याच इनिंगमध्ये कब्सचं क्षेत्ररक्षण चुकलं, आठ धावा गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीचा सामनाही ते हरले. पण लोकांनी धरलं त्या एका प्रेक्षकाला. त्याला पहाऱ्यात बाहेर काढावं लागलं, घराला पोलीस संरक्षण द्यावं लागलं. तोही कब्सचाच भक्त! २०१७ मध्ये संघाने त्याला विजेतेपदाची अंगठी दिली. चांगलं केलं. पण मधे चौदा वर्षं गेली.

माझं म्हणणं एवढंच. विजयात 'आपण' म्हणायचं आणि पराभवात 'तो' म्हणून बोट दाखवायचं, हे चालणार नाही. मेलेल्यांना आत घेणारा 'आपण' जिवंत माणसाला बाहेर ठेवत असेल, तर तो खरा 'आपण' नव्हे. विजयाच्या मिरवणुकीला ५० लाख लोक आल्याचा शहराचा अंदाज होता. त्या गर्दीत नाचण्याचा हक्क त्या एका माणसाला इतर कुणाहून कमी नव्हता.

आणि हो, त्या रात्री क्लीव्हलंडही रडलं असेल. त्यांचं शेवटचं विजेतेपद १९४८ चं. तिथेही भिंती आहेत, खडू आहेत आणि लिहायला नावं आहेत.

असो. भारताने १९८३ नंतर विश्वचषक जिंकला तो थेट २०११ साली. त्या २८ वर्षांत तुमच्या घरातलं कोण वाट बघत गेलं? आठवलं तर जरूर लिहा.