औंढ्याच्या वेधशाळेत कोण बसणार?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथनजीक, दुधाळ्याच्या शिवारात, 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी करण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. २०१६ साली तिला तत्त्वतः संमती मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीत बसून तिची कोनशिला बसविली. एकमेकींस काटकोनात असणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतील निर्वात पोलादी नळ्यांतून धावणारा लेसर किरण, आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकी हालचाल टिपण्याची शक्ती! मराठवाड्याच्या वाट्यास आजवर आलेल्या कोणत्याही प्रकल्पाशी याची तुलना होणार नाही. या वेधशाळेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु भूमिपूजनाच्या भाषणांत जो प्रश्न कोणी काढला नाही, तो काढणे आमचे कर्तव्य आहे. या वेधशाळेत काम कोण करणार?

लायगो ही एकट्या अमेरिकेची वा एकट्या भारताची संस्था नव्हे. तिच्या वैज्ञानिक सहयोगात अनेक देशांतील हजाराहून अधिक संशोधक आहेत. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीची वार्ता जगास देण्यात आली, तेव्हा या सहयोगाच्या निर्वाचित प्रवक्त्या होत्या गाब्रिएला गोन्झालेझ, अर्जेंटिनात जन्मलेल्या विदुषी. स्त्रिया, कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि दूरदेशीचे विद्यार्थी यांना विज्ञानाच्या कामात बरोबरीचे स्थान असावे, असे या सहयोगाचे घोषित धोरण आहे. लुईझियाना राज्यातील लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळेने तर कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या सदर्न विद्यापीठाशी हातमिळवणी करून विज्ञान-शिक्षणाचे केंद्रच उभारले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण धोरण आणि हक्क यांत अंतर आहे. जानेवारी २०२५ मध्ये सत्तेवर येताच अध्यक्ष ट्रम्प यांनी संघराज्याच्या कारभारातील विविधता व समावेशनाचे कार्यक्रम एका आदेशाने गुंडाळले. लायगोला पैसा पुरविणाऱ्या तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने त्याच वर्षी शेकडो संशोधन-अनुदाने रद्द केली. वरिष्ठांच्या सदिच्छेने जे मिळते ते वरिष्ठांच्या लहरीने जाते, हे भारतातील दलित चळवळीला कोणी शिकवावयास नको. डॉ. आंबेडकरांनी सद्भावनेची याचना न करता घटनेत कलम घालून घेतले, ते याचसाठी.

तेव्हा औंढ्यात तरी हा प्रश्न सुटलेला आहे, असे कोणास वाटेल. दुर्दैवाने तसे नाही. लायगो-इंडियाची वैज्ञानिक जबाबदारी मुख्यत्वे तीन संस्थांवर आहे : पुण्याचे 'आयुका', इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था. पैकी आयुका हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अपत्य. उरलेल्या दोन संस्थांची नावे मात्र केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील आरक्षणाच्या २००६ च्या कायद्याच्या परिशिष्टात आहेत, आणि हे परिशिष्ट आहे सूट दिलेल्या संस्थांचे! २०१९ साली अध्यापकांच्या नेमणुकांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तेव्हाही 'उत्कृष्टतेच्या व राष्ट्रीय महत्त्वाच्या' संस्थांची ही सूट कायम राहिली. सरकारी नोकरीपुरते पाहिले, तर १९७५ च्या एका प्रशासकीय आदेशान्वये 'अ' वर्गातील सर्वांत खालच्या पायरीच्या वरची जी संशोधनाची पदे आहेत ती आरक्षणाच्या कक्षेतून बाहेर काढता येतात. म्हणजे दारात पाऊल ठेवण्यापुरता हक्क आहे. जिन्याला मात्र कठडा नाही.

यावर ठरलेले उत्तर येते गुणवत्तेचे. गुणवत्तेशी आमचे वैर नाही. आरशाचा एक कण चुकला तर अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लहर निसटून जाईल, हे आम्हीही जाणतो. पण २०१६ च्या त्या शोधनिबंधावर हजाराहून अधिक नावे होती. विज्ञान हे आता एका प्रतिभावंताचे एकांतातील तप राहिलेले नसून सामुदायिक श्रम झाले आहे, याचा याहून बोलका पुरावा कोणता? शिवाय त्या नळ्यांचे सांधे ज्यांनी जोडले त्या वेल्डरांची नावे कोठे आहेत? एक सांधा गळका राहिला तर साऱ्या नोबेल पारितोषिकांचा उपयोग नाही. निर्वात यंत्रणा, प्रकाशकी, इलेक्ट्रॉनिकी, शीतकरण, संगणक या प्रत्येक विभागात तंत्रज्ञ लागणार आहेत, आणि तंत्रज्ञ हा जन्मतः होत नाही. त्याला पाच-सात वर्षे घडवावे लागते. हिंगोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आणि नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ही घडण आजच सुरू झाली नाही, तर २०३० च्या सुमारास यंत्र सज्ज होईल तेव्हा 'स्थानिक उमेदवार पात्र नाहीत' हा शेरा तयारच असेल.

औंढ्याची एक आख्यायिका महाराष्ट्राला पाठ आहे. नरसीच्या नामदेवाला, शिंप्याच्या पोराला, देवळासमोर कीर्तन करण्यास मनाई झाली. तो मागच्या बाजूस जाऊन उभा राहिला आणि देऊळच त्याच्याकडे फिरले. सरकारी खाती अशी आपण होऊन फिरत नाहीत. त्यांना फिरवावे लागते.

मराठवाड्याला तर हा अनुभव नवा नाही. १९५३ च्या नागपूर कराराने येथील लोकांना नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देऊ केला; घटनेच्या ३७१ (२) या कलमाने तंत्रशिक्षण व नोकऱ्यांच्या समन्यायी संधींची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद केली. त्यासाठी १९९४ साली नेमलेल्या विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, आणि त्यांच्यासाठी रस्त्यावर कोण उतरले? कळमनुरी-औंढ्याचा आंध आदिवासी, तांड्यावरचा बंजारा आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याची लेक यांच्यापर्यंत ही कलमे कधी पोहोचलीच नव्हती.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. 'भूमिपुत्रांना नोकऱ्या' ही आरोळी आमची नव्हे. केरळची भौतिकशास्त्रज्ञ वा बंगालचा अभियंता औंढ्यास आला तर हिंगोलीचे भाग्यच. जिल्ह्याचे पोर पहारेकरी आणि परका मनुष्य शास्त्रज्ञ, ही विभागणी मात्र आम्हांस मान्य नाही. आणि तो पहारेकरी, ती सफाई कामगार ठेकेदाराच्या हजेरीपटावर राहावी हे तर मुळीच नाही. मोठ्या प्रकल्पांत आजवर हेच घडत आले आहे. जातीची उतरंड कंत्राटाच्या कागदावर जशीच्या तशी उतरते, आणि सर्वांत खालच्या मडक्याची नोंद 'संस्थेचा कर्मचारी' म्हणून होतच नाही. मग विविधतेच्या अहवालातील आकडे किती गोजिरे दिसतात! स्त्री-शास्त्रज्ञांना आडगावी मुलांच्या शाळेची, पाळणाघराची व रात्रपाळीनंतरच्या वाहनाची सोय नसेल, तर त्यांच्यासाठी काढलेली स्वागताची परिपत्रकेही तितक्याच मोलाची.

अणुऊर्जा विभागाने वेधशाळेचा पदनिहाय आराखडा भरतीपूर्वीच प्रसिद्ध करावा. कोणती पदे कायम, कोणती कंत्राटी, कोणत्या पायरीपर्यंत बिंदुनामावली लागू, हे त्यात स्पष्ट असावे. परिशिष्टातील सूट मागे घेणे वा न घेणे सरकारच्या हाती आहे. कायद्यानेच त्यास परिशिष्ट बदलण्याचा अधिकार दिला आहे. हिंगोलीच्या खासदारांनी संसदेत एवढा एकच तारांकित प्रश्न विचारावा, आणि जिल्हा परिषदेने तोवर औंढा, सेनगाव व कळमनुरी येथील माध्यमिक शाळांत विज्ञान-गणिताच्या शिक्षकांची किती पदे रिक्त आहेत याची यादी त्या प्रश्नास जोडून द्यावी.