कार्यक्रमपत्रिका आणि घरची वार्ता

शाळेचे वार्षिक हाती पडले म्हणजे बहुतेक वाचक ते शेवटाकडून उघडतात. निबंध, प्रवासवर्णने व विज्ञानविषयक लेख सवडीने वाचले जातात. प्रथम शोधली जातात ती अखेरची दोन पाने. त्यांपैकी एकावर येत्या वर्षीच्या कार्यक्रमांची यादी असते आणि दुसऱ्यावर शाळेच्या परिवारातील वार्ता : कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणत्या माजी विद्यार्थिनीचा विवाह झाला, कोणास नोकरीत बढती मिळाली, कोणाचे पितृछत्र हरपले. काही विद्वान मित्रांस ही पाने वार्षिकाच्या इतमामास शोभणारी वाटत नाहीत. आम्हांस मात्र तीच पाने शाळेच्या प्रकृतीची नाडी वाटतात, व म्हणून त्यांविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

मोठ्या शहरांतील हजारो विद्यार्थ्यांच्या शाळांस असे पान काढता येत नाही, आणि काढले तरी ते कोणी वाचणार नाही. कारण ज्यास आपण ओळखत नाही त्याच्या घरच्या बारशाचे आपणांस काय कौतुक? लहान शाळेची गोष्ट निराळी आहे. तेथे शिक्षक मुलास त्याच्या नावाने हाक मारतो, त्याच्या थोरल्या भावासही त्याने शिकविलेले असते, आणि पुष्कळदा त्याची आईही त्याच बाकांवर बसून गेलेली असते. सरकारी अनुदानावाचून, केवळ फी व देणग्या यांवर चालणाऱ्या लहान शाळेपाशी मोठ्या इमारती नसतात, प्रयोगशाळाही बेताची असते. मुलास व त्याच्या घरास ओळखणे एवढेच तिचे खरे भांडवल होय. ते भांडवल जर तिने वापरले नाही, तर पालकांनी तिच्याकडे मुले का पाठवावीत, ह्या प्रश्नास उत्तर उरत नाही.

आता मुद्द्याकडे वळू. ही दोन पाने शेजारी शेजारी छापली जातात. परंतु एकाने दुसऱ्यास विचारल्याचे दिसत नाही. कार्यक्रमांच्या तारखा शिक्षकांच्या खोलीत ठरतात, व घरच्या वार्ता मागाहून जमविल्या जातात. आमच्या मते हा क्रम उलटा झाला पाहिजे. ज्याने कार्यक्रमपत्रिका आखावयाची त्याने आधी घरोघरची वार्ता वाचली पाहिजे.

ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण अहिल्यानगर व बीड ह्या जिल्ह्यांतील शाळांस ठाऊक आहे. तेथील कितीएक कुटुंबे ऊसतोडणीवर जातात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची टोळी निघते आणि मार्च-एप्रिलात परत येते. नवराबायकोच्या जोडीस तेथे 'कोयता' म्हणतात, इतके त्यांचे काम एकमेकांशी बांधलेले असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. एक दिवस काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात. मुले मागे आजीआजोबांपाशी अथवा वसतिगृहात राहतात, आणि ज्यांस ठेवण्याची सोय नसते ती शाळा सोडून उसाच्या फडात जातात. आणि आमच्या शाळांचे स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा व बक्षीस समारंभ केव्हा होतात? डिसेंबर व जानेवारी ह्या दोन महिन्यांत! म्हणजे दहा वर्षे शाळेत काढणाऱ्या त्या मुलास एकदाही असा दिवस मिळत नाही, की ज्या दिवशी व्यासपीठावरून त्याचे नाव पुकारले गेले असता समोरच्या गर्दीत त्याची आई बसलेली आहे. कोणी त्याचा द्वेष केला नाही, कोणी त्यास वगळलेही नाही. केवळ तारीख ठरविताना कोणास त्याची आठवण झाली नाही.

ह्यास उपाय फार खर्चाचा नाही. १५ ऑगस्ट हा दिवस सर्वत्र सुटीचा असतो. त्या वेळी ऊसतोडणीची कुटुंबे गावीच असतात, कारखान्यांत व दुकानांत नोकरी करणाऱ्यांसही बहुधा मोकळीक असते. दहावीचा निकाल तोवर लागून गेलेला असतो. ध्वजवंदनास शाळेत यावयाचेच आहे, तर त्याला जोडून मागील वर्षीची बक्षिसे त्याच दिवशी का वाटू नयेत? संमेलनाची नाटके व गाणी खुशाल डिसेंबरात होवोत. परंतु ज्या समारंभात मुलाचा गौरव होतो तो त्याचे आईबाप गावात असताना झाला पाहिजे.

हीच दृष्टी इतर बाबतींतही ठेविता येईल. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बोलाविली तर रोजंदारीवर जाणाऱ्या मातेस ती सभा एका दिवसाच्या मजुरीला पडते. अशा सभेस ती आली नाही म्हणजे 'पालकांस आस्था नाही' असा शेरा मारून आपण मोकळे होतो! रविवारी उपासना आटोपल्यावर दुपारी सभा घेतली तर तिला येता येईल. संमेलन रात्री दहापर्यंत लांबले तर आसपासच्या खेड्यांतील मुलांची शेवटची एस. टी. निघून जाते, तेच दुपारी तीनला आरंभिले तर आजोबाही नातवाचा हात धरून दिवेलागणीच्या सुमारास घरी पोहोचतील. इस्लामी वर्ष चांद्रमासांचे असल्यामुळे रमजानचा महिना दरसाल सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे येतो. सन २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीस सुरू होऊन १७ मार्चपर्यंत चालली, व २ मार्चपासून उपवास सुरू झाले. परीक्षेची तारीख मंडळ ठरविते, तीत आमचा इलाज नाही. परंतु धावण्याच्या शर्यती त्या महिन्यात भर उन्हात ठेवाव्यात की नाही, हे सर्वस्वी आमच्या हाती आहे. ईस्टरचा सण २२ मार्च व २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान केव्हाही पडतो. तो वार्षिक परीक्षेच्या आड येईल की नाही, हे पाहण्यास पंचांगाचे एक पान उलटणे पुरेसे आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक घराची सोय पाहू लागलो तर वर्षात एकही तारीख उरणार नाही. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. सर्वांस सोयीचा असा दिवस पंचांगात नसतोच. म्हणूनच कार्यक्रमांचे दोन वर्ग केले पाहिजेत. मंडळाची परीक्षा, राष्ट्रीय दिन व सरकारी तपासणी ह्यांच्या तारखा वरून येतात, त्या शिरसावंद्य. संमेलन, सहल, सभा, स्पर्धा व बक्षीस समारंभ ह्यांच्या तारखा आपण ठरवितो. ह्या दुसऱ्या वर्गापुरता आमचा आग्रह आहे, आणि तोही इतकाच, की गैरसोय कोणाची तरी होणारच असेल तर ती दरवर्षी त्याच त्या घरांची होऊ नये.

तारखेप्रमाणेच खर्चाचेही आहे. नृत्यासाठी भाड्याचा पोशाख, सहलीची वर्गणी, निरोप समारंभाची भेट, अशा लहानसहान रकमा मिळून काही घरांचा आठवड्याचा बाजार होतो. ज्याच्या वडिलांची नोकरी गेली आहे तो मुलगा वर्गात 'मला नाचाची आवड नाही' असे सांगतो, आणि ते ऐकून शिक्षकही पुढच्या नावाकडे वळतात. घरची वार्ता ज्यास ठाऊक आहे तो शिक्षक असे वळणार नाही. घरातील पांढरा सदरा व आईचे जुने लुगडे एवढ्यावर उत्तम नाटक होऊ शकते, असा आमचा अनुभव आहे.

येथवर आम्ही वार्ता जाणण्याविषयी बोललो. वार्ता छापणे ही निराळी गोष्ट आहे, व तिच्यासाठी निराळे नियम हवेत. वृत्त छापण्याची हौस आमच्या समाजास जुनी आहे. १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे 'ज्ञानोदय' पत्र सुरू केले, तेव्हापासून छापील अक्षरावर आमचे प्रेम जडले आहे. परंतु हल्ली छापलेले पान गावातच राहत नाही. त्याचे छायाचित्र क्षणार्धात शेकडो मोबाइलवर जाते, व मुलाच्या नावास चिकटलेली गोष्ट तो मोठा झाल्यावरही पुसता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेस भारताने १९९२ साली मान्यता दिली. तिच्या १६ व्या कलमाप्रमाणे मुलाच्या खाजगी व कौटुंबिक जीवनात मनमानी ढवळाढवळ होता कामा नये. आपल्या देशात २०२३ साली झालेला व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो, आणि बालकाची माहिती संगणकीय साधनांवर वापरण्यासाठी आईबापांची संमती मागतो. कायदा नसता तरी सभ्यतेने हेच सांगितले असते.

सबब आमचे मत असे, की आनंदाची वार्ता घरच्यांच्या अनुमतीने छापावी. दुःखाची वार्ता अनुमती घेऊन, व ती ज्याच्या संबंधाची आहे त्या मुलासही विचारून छापावी. आणि कर्ज, आजार, घरातील बेबनाव अथवा थकलेली फी ह्यांविषयीची वार्ता छापू तर नयेच, पण शिक्षकांच्या खोलीतही मोठ्याने उच्चारू नये. ती वर्गशिक्षकाने मनात ठेवावी व तिचा उपयोग फक्त त्या मुलाचे ओझे हलके करण्यासाठी करावा. आणखी एक गोष्ट. परदेशी गेलेला मुलगा, डॉक्टर झालेली मुलगी, मोटार घेतलेले पालक, ह्यांचेच अभिनंदन दरवर्षी छापले गेले तर ते पान परिवाराचे न राहता श्रीमंतांची यादी होईल. आजारी आजीची शुश्रूषा करून नववीची परीक्षा दिलेली मुलगी, शिक्षण अर्धवट सोडावे लागल्यावर कित्येक वर्षांनी पुन्हा परीक्षेस बसलेली माता, सेवानिवृत्त झालेले शिपाईमामा, ह्यांच्याही वार्ता त्याच पानावर, त्याच टायपात, आल्या पाहिजेत.

प्रिय विद्यार्थीहो, ह्यात तुमचेही काम आहे. सोबत्याच्या घरी काही विपरीत घडल्याचे तुम्हांस आमच्याआधी कळते. ते चारचौघांत बोलण्याची वस्तू नव्हे. त्याच्याशेजारी बसा, बुडालेल्या तासांच्या वह्या त्यास द्या, आणि काही फारच जड वाटले तर वर्गशिक्षकांस एकांतात सांगा. ज्याचे कोणी संमेलनास येऊ शकत नाही, त्यास आपल्या आईजवळ बसवून घ्या; आई नको म्हणणार नाही. आपल्या घरची अडचण सांगण्यात कमीपणा मानू नका. शाळेस ती कळली नाही तर शाळा तिच्याविषयी काहीच करू शकणार नाही.

आणि पालकहो, आपणांस एक विनंती आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे प्रत्येक खाजगी शाळेत शैक्षणिक वर्षाच्या आरंभापासून तीस दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक त्याचे सभासद असतात. कायद्याने ही सभा फीच्या विचारासाठी योजिली आहे. पण तेथे फीची गोष्ट संपल्यावर तारखांचीही गोष्ट निघण्यास कोणाची हरकत आहे? येत्या सभेस येताना आपापल्या घरचे वर्ष मनात मांडून या. आपण कोणत्या महिन्यात कामासाठी बाहेर असता, कोणत्या वारी आपणांस येणे शक्य असते, आपले व्रत व सण केव्हा पडतात, शेवटची गाडी किती वाजता सुटते, एवढे चारच प्रश्न आहेत. ज्यांस चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटेल त्यांनी मुलाच्या वहीत चिठ्ठी घालून पाठवावी. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी निरोप सांगावा. सर्व शिक्षकांनी ह्या उत्तरांचे टिपण समोर ठेवून मगच पत्रक आखावे, आणि तारीख निदान एक महिना आधी प्रत्येक घरी कळवावी, अशी सूचना आम्ही आमच्या सहकाऱ्यांपुढे मांडीत आहोत.

टोळ्या गाव सोडण्यापूर्वी एक १५ ऑगस्ट येतो. त्या दिवशी मैदानावर पुरेशा सतरंज्या अंथरलेल्या असाव्यात, आणि पुढची रांग पाहुण्यांसाठी न राखता वर्षाचे सहा महिने गावाबाहेर काढणाऱ्या आईबापांसाठी राखलेली असावी, अशी आमची इच्छा आहे.