किनाऱ्यावरचे घर आणि आपण पाहुणे

सुक्कोथचा सण आटोपला, की आपल्या घरांतून भारताच्या प्रवासाची बोलणी सुरू होतात. लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा, कुठेही जा. कोणाचा तरी मुलगा सैन्यातून सुटून भारताकडे निघालेला असतो, नाहीतर कोणी आजोबा नातवंडांना घेऊन "आपला मुलूख" दाखवावयास जाणार असतात. ही ओढ स्वाभाविक आहे, स्तुत्यही आहे. परंतु हा मुलूख आपण पाहतो कसा, याविषयी समाजबांधवांशी व भगिनींशी थोडे स्पष्ट बोलावे, असे पुष्कळ दिवस मनात होते.

आपली बहुतेक कुटुंबे मुंबईच्या हॉटेलात उतरतात. एका सकाळी मोटार करून अलिबाग गाठतात. इस्राएल आळीतील मागेन आबोथ सिनेगॉग, नवगावचे जुने कबरस्तान व तेथील स्मारक, खंडाळ्याचा एलियाहू हनाबीचा टापा, जमल्यास रेवदंड्याचे बेथ एल, एवढे एका दिवसात उरकून, छायाचित्रे घेऊन रात्री परत मुंबईला. ज्या भूमीचे नाव आपण आडनावात वागवितो, त्या भूमीला आपण आठ तास देतो! किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, आवासकर, झिराडकर म्हणविणाऱ्यांनी त्या त्या गावी एक रात्रही काढू नये, ही गोष्ट मला शोभत नाही असे वाटते. मी स्वतः पहिल्या खेपेस असेच केले, म्हणून हे बोलण्याचा अधिकार मला आहे.

माझे मत असे, की कोकणात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने किमान गुरुवार ते रविवार किनाऱ्यावरील एखाद्या गावात घर घेऊन राहावे. आज अलिबाग, किहीम, नागाव, आक्षी, रेवदंडा या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाडीतील लहान लहान घरे पाहुण्यांना भाड्याने मिळतात. मात्र त्यांच्या भिंतीवर लावलेली सूचनांची पत्रके मुंबईहून दोन दिवस मौजेसाठी येणाऱ्यांना उद्देशून असतात. आपल्या गरजा वेगळ्या आहेत. त्या कोणीतरी लिहून ठेवावयास हव्यात, म्हणून पुढील चार गोष्टी मांडतो.

प्रथम ऋतू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँची पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह नेणारी मोठी बोट २०२० सालापासून सुरू झाली आहे. वृद्ध माणसे व सामान बरोबर असेल तर ती सोयीची. मात्र तिचे वेळापत्रक हवामान पाहून ठरते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. मांडव्याहून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर आहे. शुक्रवारी दुपारची बोट धरून शब्बाथपूर्वी पोहोचू, असा हिशेब कोणी करू नये. डिसेंबरात तेथे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, आणि कोकणातील रस्ता आपल्या घड्याळाकडे पाहत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आपण तेथील भूमिपुत्र असलो, तरी आपल्या हाती परदेशी पारपत्र असते. परदेशी पाहुणा उतरला, की घरमालकाने चोवीस तासांच्या आत विहित माहिती भरून सरकारला कळविणे आवश्यक आहे. मोठ्या हॉटेलांना हे ठाऊक असते, लहान घरवाल्यांना पुष्कळदा नसते. घर ठरवितानाच ही गोष्ट विचारून घ्यावी. अन्यथा आपल्यामुळे त्या गरीब माणसाला कचेरीचे खेटे पडतात.

तिसरी गोष्ट अन्नाची, आणि येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. दुसऱ्या खेपेस आम्ही सात माणसे अशाच एका घरात उतरलो. आमचे आहारनियम आधी कळविण्याची तसदी मी घेतली नाही; कोकणातील लोकांना सारे ठाऊक असेल, असे गृहीत धरले. रात्री घरधनिणीने मोठ्या हौसेने कोलंबीचे कालवण वाढले. नातवंडांनी ताटे दूर सारली, सुनेने तोंड फिरविले, आणि त्या बाईचा चेहरा उतरला. तेवढ्यात तिची सासू, वय ऐंशीच्या पुढे, आतून भिंतीला धरून बाहेर आली. आमचे आडनाव विचारले आणि सुनेला म्हणाली, "अगो, ही शनवार तेल्यांची माणसं. यांच्यात कोलंबी, चिंबोरी चालत नाही. बिनखवल्याचा मासा यांना वाढायचा नसतो. आमच्या शेजारी होती ना ही माणसं!"

वाचकहो, जे मी सांगावयास हवे होते, ते त्या वृद्धेने सांगितले. आपण तो गाव सोडला, पण गावाने आपले खाणेपिणे लक्षात ठेवले होते. त्या रात्री मला आनंद झाला की लाज वाटली, हे आजही सांगता येणार नाही.

म्हणून आधी कळवावे. पापलेट, सुरमई, बांगडा चालतात. कोलंबी, खेकडे, तिसऱ्या, मोरी चालत नाहीत, असे स्वच्छ लिहून पाठवावे. गावात मांसाचा आग्रह धरू नये. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, नारळाच्या रसातील मासे, सोलकढी यांवर चार दिवस राजासारखे जातात. शिवाय नारळाच्या रसात गाईच्या दुधाचा प्रश्नच येत नाही. भांड्यांविषयी माझी एक सूचना आहे. अलिबागच्या बाजारात दोन नवी पातेली, एक तवा, दोन पळ्या घ्याव्यात, आणि परतताना घरधनिणीच्या संमतीने नाव घालून, पोत्यात बांधून तेथेच ठेवाव्यात. पुढच्या कुटुंबाची सोय होईल. किद्दूशसाठी द्राक्षारस शोधत हिंडू नये. काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत आपल्या आजीने केले ते आपणही करावे. येथून नेलेल्या विजेच्या तापपट्टीवर विसंबू नये. विजेचा दाब दोन्ही देशांत सारखाच असला तरी आपले प्लग तेथे बसत नाहीत, आणि वीज गेली तर घरातील इन्व्हर्टर अशा यंत्राचा भार ओढीत नाही. शब्बाथचे थंड जेवण आधीच योजून ठेवावे.

चौथी गोष्ट समुद्राची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. आपली मुले अश्दोद-अश्केलोनच्या किनाऱ्यावर वाढलेली, पोहण्यात तरबेज. परंतु भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच असते. कोकणात उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीस पायी गाठता येतो. दोन-तीन तासांनी तीच वाट पाण्याखाली जाते. ही गोष्ट ज्याने पाहिली नाही, त्याला सांगून पटत नाही.

यावर कोकणातील जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. आपले महिनेही चंद्राचेच असल्यामुळे आपल्या घरातील इब्री पंचांगावरून हाच हिशेब साधारणपणे करता येतो. तारीख पंधराच्या पुढे असल्यास त्यातून पंधरा वजा करावेत. समजा इब्री महिन्याची चार किंवा एकोणीस तारीख आहे. चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस व रोश होदेशच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाच्या दिवसांत पाणी पुरते ओसरत नाही. हा केवळ ठोकताळा आहे. गावातील कोळ्यास विचारल्याविना कोणीही पाण्यात पाऊल घालू नये. तेल पिळणारे आपले पूर्वज पंचांग पाहून सण पाळीत, आणि शेजारचा कोळी चंद्र पाहून होडी लोटी. दोघांचे आकाश एकच होते, हे नातवंडांना समजावून देण्याची यापरती दुसरी संधी नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. काही बंधू म्हणतील, आता तेथे आपले उरले आहे काय? हाताच्या बोटांवर मोजावी इतकी कुटुंबे. हे खरे आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह आहे. १८४८ साली स्थापिलेले व १९१० साली नव्याने बांधलेले मागेन आबोथ आजही उभे आहे. उणीव आहे ती माणसांची. एका घरातील चार पुरुष शुक्रवारी संध्याकाळी त्या दारात उभे राहिले, तर कदाचित मिन्यान पुरा होईल. मंगळवारी दुपारी मोटारीतून उतरून छायाचित्र घेणाऱ्या चाळीस माणसांनीही ते घडत नाही. अर्थात, ज्यांच्याकडे किल्ली व व्यवस्था असते त्यांना आधी कळवावे आणि ओळखीसाठी पारपत्र जवळ ठेवावे.

दुसरे म्हणतात, आम्ही वयस्क, आम्हांस सोयी हव्यात. बरोबर आहे. न्हाणीघर कसे आहे, पायऱ्या किती, दवाखाना किती दूर, पिण्याचे पाणी उकळून मिळेल काय, हे पैसे देण्याआधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. परंतु उत्तर "थोडी गैरसोय होईल" असे आले, तर तेवढ्यावरून बेत मोडू नये. आपण त्या मुलखातूनच आलो आहोत.

एक शब्द भाड्याविषयी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक वाड्यांतील माडपोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर ती उत्पन्नास येईपर्यंत कितीतरी वर्षे जातात. अशा ठिकाणी पाहुण्यांच्या भाड्याने पुष्कळ घरांना आधार मिळतो. तेथे जाऊन, "आम्ही इथलेच" असे म्हणत भाव पाडून मागणे आपल्याला शोभत नाही. इथले असू, तर पुरे भाडे द्यावे आणि अंगण झाडून निघावे.

शेवटी भाषेची गोष्ट. त्या घरधनिणीने आम्हांस दिलेले सूचनापत्र हाताने लिहिलेले, मराठीत होते: विहिरीचा कठडा ठेंगणा आहे, मुलांना सांभाळा, रात्री विजेरीविना वाडीत जाऊ नका, गळलेला नारळ घ्या, झाडावरचा मागून घ्या. माझ्या नातीला ते वाचता येईना. मी वाचून दाखविले. दुसऱ्या दिवशी ती त्या वृद्धेच्या शेजारी बसून एकेक अक्षर लावीत होती, आणि वृद्धा तिला हसत होती. येथे दहा वर्षे घरात सांगून जे झाले नाही, ते ओट्यावर चार दिवसांत सुरू झाले. आजीखेरीज आणखीही कोणी मराठी बोलते, हे तिने प्रथमच पाहिले होते.

म्हणून माझी विनंती: जे कुटुंब या हिवाळ्यात जाऊन येईल, त्याने परतल्यावर या पत्रिकेसाठी एक पान लिहावे. कोणत्या गावी उतरलात, पाणी कसे होते, शब्बाथ कसा पाळलात, भांड्यांचे पोते कोठे ठेवलेत आणि कोणाला तुमचे आडनाव ओळखता आले. अशी पाच-पंचवीस पाने जमली, तर पुढच्या पिढीला तो मुलूख परका राहणार नाही. ज्यांनी आपल्याला लक्षात ठेवले, त्या म्हाताऱ्या माणसांच्या हयातीत हे व्हावे, एवढीच इच्छा.

शालोम.